मळखाऊ

मुलुंड (पूर्व),
१० सप्टेंबर २०२५

प्रिय दीप्ती,

स. न. वि. वि. गौरी-गणपती नीट पार पडले असतील. तुझ्या सासूबाई यंदा तरी तुझ्या मोदकांना नावं न ठेवता जेवल्या का, ते आधी कळव.

जाड कागद संपला होता म्हणून इतके दिवस पत्र नाही. फोन करता आला असता, पण आमच्या दोन खोल्यांत फोनवर काही बोललं की ते दादाला कळतं, वहिनीला कळतं आणि जिन्यात उभ्या असलेल्या माणसालाही कळतं. ब्रेल मात्र या घरात माझ्याशिवाय कोणालाच येत नाही. पत्र टेबलावर उघडं पडलं तरी चालतं. आज मला तसंच काहीतरी लिहायचं आहे.

आधी चांगली बातमी. आमच्या रुचिराचं जमलं. मुलगा ठाण्याचा, तिच्याच ऑफिसातला, प्रितम नावाचा. साखरपुडा १६ नोव्हेंबरला इथल्याच एका हॉलमध्ये आहे. दादा आतापासूनच जेवणवाल्याशी भांडतो आहे. रुचिराच्या कानात नाव मी सांगितलं होतं, त्यामुळे आत्या म्हणून माझा मान मोठा आहे, असं निदान मी तरी सगळ्यांना सांगते.

आता दुसरं. जूनपासून माझी बदली घराजवळच्या शाखेत झाली हे तुला माहीत आहेच. तिथे शेजारच्या टेबलावर शीतल नावाची नवी मुलगी आली आहे. मानखुर्दची, तोंडाची फटकळ, मनाची चांगली. मागच्या महिन्यात एकदा डबा खाताना तिने विचारलं, मॅडम, तुम्हाला चॉकलेटी रंग एवढा का आवडतो? मी म्हटलं, आज मी चॉकलेटी घातलाय का? ती म्हणाली, आजच काय, तुमचं रोजचंच आहे ना ते.

मला हसू आलं. मग आठवडाभर मी रोज सकाळी तिला विचारत राहिले. एक दिवस मरून, एक दिवस शेवाळी, एक दिवस कसलासा करडा, आणि फिरून पुन्हा चॉकलेटी. शेवटी शीतल म्हणाली, मॅडम, तुमचं कपाट म्हणजे सगळे चहाचे डाग आहेत हो.

माझे कपडे वहिनीच घेते, हे तुला माहीत आहे. स्टेशनजवळच्या दुकानात मीही जाते बरोबर. तिथला माणूस वहिनीला विचारतो, यांना कुठला दाखवू? मी स्टुलावर बसून पंख्याचं वारं घेते. वहिनी माझ्या हातात कापड देते आणि म्हणते, छान आहे, तुला शोभेल. मऊ लागलं की मी हो म्हणते. रंग मी कधी विचारलाच नाही गं. मनाशी धरून चालले होते की निरनिराळे असतील.

तू म्हणशील, जन्मात रंग पाहिला नाहीस, मग तुला काय त्याचं. मीही स्वतःला तेच विचारलं. तरी त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. नोकरीला लागल्यापासून लोक मला त्याच त्या रंगात बघताहेत, हे सगळ्यांना माहीत आहे आणि फक्त मलाच नाही.

तू नऊ वर्षांची होईपर्यंत पाहिलं आहेस. तूच सांग, चॉकलेटी रंग कसा असतो? माणूस त्यात कसं दिसतं?

देवेशना नमस्कार. सध्या लोभाऐवजी उत्तरच लवकर धाड.

तुझी,
सुलू

*

कणकवली,
१९ सप्टेंबर २०२५

चि. सुलू,

मोठी असल्याचा हक्क बजावून आधी आशीर्वाद देते, नमस्कार मागून घे. तुझं पत्र पोस्टमनने देवेशच्या हातात दिलं आणि देवेशने नेहमीप्रमाणे ठिपक्यांवरून बोटं फिरवून सगळं कळल्याचा आव आणला. म्हणाला, मुंबईत पाऊस आहे. तुझ्या पत्रात पावसाचं अक्षर नाही.

मोदकांचं विचारलंस. सासूबाई जेवल्या, आणि मग नावं ठेवली.

रुचिराचं ऐकून फार आनंद झाला. काल-परवापर्यंत फोनवर ती मला बोबडं गाणं म्हणून दाखवायची.

चॉकलेटी रंग वाईट नसतो. ओल्या मातीचा असतो, सारवलेल्या अंगणाचा असतो, आमच्या कपिला गाईच्या पाठीचा असतो. माणूस त्यात नीटनेटकं दिसतं, पण डोळ्यांत भरत नाही. सगळ्यांचा फोटो काढताना मागच्या रांगेत उभं करायला बरा.

दुकानातलं ते यांना कुठला दाखवू मला नवीन नाही. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला इथल्या दुकानात गेलो, तर तो माणूस साडी उलगडून देवेशच्या हातात देत होता आणि किंमतही त्यालाच सांगत होता. मी मध्ये बसलेली, माझ्या डोक्यावरून साड्या जाताहेत. शेवटी देवेश वैतागला. म्हणाला, माका कित्याक विचारतास, नेसतली ती! त्यावर तो माणूस मला मोठ्याने ओरडून रंग सांगायला लागला. माझे कान तर ठीक आहेत ना!

म्हणून मी आता सगळं फोनवरून मागवते. फोनमधली बाई सगळं वाचून दाखवते, कापड, लांबी, काठ, धुवायचं कसं. त्या फोनला मी कोण आहे हे माहीत नसतं. तो माझ्या शेजारी कोण बसलंय ते बघत नाही. रंगांची नावं ऐकशील तर वाटेल किराणा आणायला आलो. कांदा, मोहरी, शेंगदाणा, पुदिना. आवडलं नाही तर परत न्यायला माणूस दारात येतो.

तूही मागव. रुचिराच्या साखरपुड्याला तुझी साडी तू घे. आणि वहिनीला एकदा सरळ विचारून टाक. ती वाईट बाई नाही. तिच्या हातची भाजी मी वसतिगृहात सुट्टी लागली की तुझ्याकडे येऊन खात आले आहे, असं लिहिणार होते, पण तेव्हा ती लग्न होऊन आली नव्हती. तुझ्या आईच्या हातची होती ती. बघ, माझी स्मरणशक्ती.

सर्वांना यथायोग्य. आहे तो लोभ पुरेल, जास्त साठवू नये.

तुझी,
दीप्ती

*

मुलुंड (पूर्व),
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय दीप्ती,

नमस्कार. तुझं ऐकलं आणि माझी वाट लागली. सविस्तर लिहिते.

बँकेत जेवणाच्या सुट्टीत कानात फोनची बोंडं घालून मी साड्या ऐकत बसायचे. मजा वाटली, खोटं का बोलू. एका साडीखाली एका बाईने लिहिलं होतं, साडी उत्तम आहे, पण सासूला आवडली म्हणून एक तारा कमी. मला हसताना बघून शीतलला वाटलं, मी कोणाशी तरी बोलतेय. शेवटी एक निवडली. हळदी पिवळी, राणी रंगाचा काठ. पिवळी का, ते मला सांगता येणार नाही. तू शाळेत असताना एकदा म्हणाली होतीस, की शेवटपर्यंत डोळ्यांना पिवळं जास्त दिसत होतं. तेवढंच माझ्या मनात होतं.

पत्ता बँकेचा दिला. पाकीट आलं, शीतलने फोडलं आणि गप्प झाली. शीतल गप्प म्हणजे काहीतरी झालं. म्हणाली, मॅडम, तुम्ही नक्की काय मागवलं होतं? मी म्हटलं, पिवळी. ती म्हणाली, यांनी चॉकलेटी पाठवलीय.

आम्ही दोघी इतक्या हसलो, की साहेब केबिनमधून बाहेर आले.

परत करायचं मी एकटीने करायचं ठरवलं. तो माझा मूर्खपणा. रंग चुकीचा आलाय म्हटलं की फोन फोटो मागतो. घरी दार लावून मी पलंगावर साडी पसरली आणि फोटो काढले. उत्तर आलं, फोटो स्पष्ट नाही. पुन्हा काढले, पुन्हा तेच. नंतर शीतलने बघून सांगितलं, एका फोटोत पंखा होता, एकात माझी हनुवटी, आणि बाकी सगळे काळे. खोलीतला दिवा लावायचा असतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शीतलने एका मिनिटात फोटो काढून दिला आणि परतीचं मान्य झालं. सुट्टीचा दिवस होता म्हणून न्यायला येणाऱ्याला घरचा पत्ता दिला. त्याचा फोन आला तेव्हा मी आंघोळीला गेले होते. वहिनीने उचलला.

मग दोन दिवस ती फक्त भांड्यांशी बोलली.

दसऱ्याला सकाळी श्रीखंड ढवळताना तिने एकदम विषय काढला. म्हणाली, साखरपुड्याची तुझी साडी मी कधीच आणून ठेवली आहे, असं पाठीमागून मागवायची काय गरज होती. मी विचारलं, कोणत्या रंगाची? ती श्रीखंडच ढवळत राहिली. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, वांगी. मग मी सगळंच विचारलं. इतकी वर्षं माझे सगळे कपडे असेच का? तर म्हणाली, मळखाऊ रंग बरा असतो.

मी म्हटलं, मळखाऊ रंग पायपुसण्याला घेतात, माणसाला नाही.

दादाने बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवला. तो तेवढंच करतो. रागाच्या भरात मी म्हणून गेले, की त्या वांग्यात मला हॉलमध्ये उभं करणार असाल तर मी साखरपुड्याला येणारच नाही. रुचिरा घरातच होती. तिने ऐकलं. ती दार ओढून बाहेर गेली.

आता घरात बोलणं चालू आहे, पण दूध आणि गॅस एवढंच. श्रीखंड तसंच फ्रिजमध्ये पडून आंबलं.

माझं चुकलं का, ते स्पष्ट लिही. बाकी क्षेम.

तुझ्या लोभाची या वेळी खरोखरच गरज असलेली,
सुलू

*

कणकवली,
१३ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुलू,

आशीर्वाद वगैरे सगळं आलं. आता ऐक.

साखरपुड्याला येणार नाही म्हणणं चूक. त्यात रुचिराचा काय दोष? तिच्याजवळ आधी जा आणि तसं सांग. हे पत्र खाली ठेव आणि जाऊन ये, मग पुढचं वाच.

गेली होतीस ना? बरं.

वहिनीला विचारलंस ते बरोबर केलंस. पायपुसणं म्हणालीस ते जरा जास्त झालं, पण मीही तेच म्हणाले असते. मला मात्र तिचं उत्तर अर्धवट वाटतं. मळ काय तुझ्याच कपड्यांना लागतो? दादाचे शर्ट पांढरे असतात, मला आठवतं, तूच इस्त्री करताना सांगायचीस की दादा पांढऱ्याशिवाय घालत नाही. काहीतरी राहिलंय सांगायचं. भांडण झालं की ते आणखी आत जातं, म्हणून भांडू नकोस.

तू मला रंग विचारतेस, म्हणून एक गोष्ट लिहिते. देवेशलाही ती सांगितलेली नाही. मला रंग आठवतात असं तुम्ही सगळे धरून चालता, आणि मीही ते चालू देते. पण ते पुसट होत चाललेत. निळा मी अलीकडे शोधायला गेले तर मिळाला नाही. आभाळ होतं ते आठवतं, आईने बोट दाखवलं होतं ते आठवतं, पण रंगाच्या जागी काही नाही. पिवळा अजून आहे. कपिलेचा चॉकलेटीही आहे, पण तो खरा आहे की मी रचलेला, हे मला कोण सांगणार?

तरी मी लाल साडी नेसून शाळेत शिकवायला जाते त्या दिवशी पालक माझ्याशी वेगळ्या आवाजात बोलतात. जरा वर मान करून बोलल्यासारखे. माझ्या अंगावरचा लाल मला दिसत नाही, पण त्यांच्या बोलण्यातून तो माझ्यापर्यंत येतो. तुझं तेच आहे. तुझ्यापर्यंत इतकी वर्षं काय पोचत होतं, आणि ते बदललं तर काय पोचेल, हे तुला बघायचं आहे. त्यात गैर काय?

फोनचा सल्ला मी मागे घेते. माझ्याकडे फोटो काढायला देवेश आहे, हे मी विसरले. तू दुकानात जा. नेहमीच्या नको, तिथे तू वहिनीची नणंद आहेस. दुसऱ्या दुकानात जा आणि एकटी जा. चूक झाली तर तिथल्या तिथे भांडता येतं.

सासूबाई आजारी होत्या, आता बऱ्या आहेत. काल उठून माझी आमटी खारट आहे म्हणाल्या, तेव्हा जिवात जीव आला.

प्रेम आहेच, रागही थोडा आहे, दोन्ही पोचतं करते.

तुझी,
दीप्ती

*

मुलुंड (पूर्व),
२७ ऑक्टोबर २०२५

प्रिय दीप्ती,

स. न. वि. वि. रुचिराशी त्याच दिवशी बोलले. ती गळ्यात पडली आणि म्हणाली, आत्या, तू गोणपाट नेसून ये, पण ये. दिवाळी बरी गेली. आता कालचं लिहिते. पत्र लांबेल, कागद भरपूर आणला आहे.

काल रविवारी मी घाटकोपरला गेले. वहिनी म्हणाली, मी येते. मी नको म्हटलं, आणि या वेळी आवाज न चढवता म्हटलं. खालून रिक्षा केली. रिक्षावाल्याने दुकानाच्या पायरीपर्यंत हात धरून सोडलं. दुकानातला माणूस पुढे आला आणि त्यालाच विचारायला लागला, काय दाखवू यांना? तो म्हणाला, मेरेको क्या मालूम, मैं तो रिक्षावाला हूँ, आणि गेला. मग दुकानदाराने विचारलं, मॅडम, तुमच्याबरोबर कोण आहे? मी सांगितलं, मीच आहे, मलाच साडी घ्यायची आहे आणि पैसेही मीच देणार आहे.

चप्पल काढून गादीवर बसले. दिवाळी संपलेली, गिऱ्हाईक कमी. त्याने पहिली साडी हातात दिली ती चांगली जड होती. रंग विचारला. कॉफी. म्हणाला, घ्या मॅडम, यात डाग दिसत नाही. मी म्हटलं, दिसला तर दिसू दे, पिवळी दाखवा.

मग त्याने गठ्ठाच काढला. एक मला हाताला आवडली. त्याला विचारलं तर म्हणाला, हळदी आहे. शेजारी एक गुजराती बाई बसल्या होत्या, त्यांना विचारलं तर म्हणाल्या, नाही, केळ्यासारखी. गल्ल्यावरचा मालक म्हणाला, लिंबू म्हणा. तिघांचे डोळे धड, आणि पिवळा काही एक नाही. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

एवढ्यात त्या माणसाने विचारलं, मॅडम, त्या ताई तुमच्याबरोबर आहेत का? मघापासून दारात उभ्या आहेत, आत या म्हटलं तर येत नाहीत. मी विचारलं, कशा आहेत? तो म्हणाला, मरून साडी, हातात कापडी पिशवी. मी दाराकडे तोंड करून म्हटलं, वहिनी, आत ये.

मागच्या रिक्षाने आली होती. येऊन शेजारी बसली. मी चिडणार होते, पण तिचा श्वास एवढा लागलेला, की मी त्या माणसाकडे तिच्यासाठी पाणी मागितलं. तो पाणी आणायला गेला, आणि वहिनी हळू आवाजात बोलायला लागली. तिने जे सांगितलं ते माझ्या शब्दांत लिहिते.

मी फोर्टच्या शाखेत लागले, तो पहिलाच महिना. रुचिरा तेव्हा रांगत होती. मी फिका गुलाबी ड्रेस घालून गेले होते. संध्याकाळी घरी आले तर ड्रेसला मागून मोठा डाग. पाळीचा. वाळलेला. म्हणजे सकाळपासूनचा. वहिनीने दार उघडलं, मी वळून चपला काढल्या, आणि तिने तो पाहिला. आणि मी तिला काय सांगत होते, तर आज सगळे माझ्याशी किती चांगले वागले. उठू नका म्हणाले, चहा जागेवर आणून दिला, येताना गाडीत लोकांनी बाजूला होऊन जागा करून दिली.

दीप्ती, मला तो दिवस आठवतो. तो दिवस मी कितीतरी जणांना सांगितला आहे. तुलाही सांगितला असेन. नोकरीतला चांगला दिवस म्हणून सांगत आले.

ऑफिसात बायका होत्या. एकीनेही येऊन कानात सांगितलं नाही.

वहिनीने तो ड्रेस धुतला. डाग निघाला नाही. मला सांगितलं, शिवण उसवली होती, बोहारणीला दिला. म्हणाली, तू एवढी आनंदात होतीस, सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी कामावर गेली नसतीस, आणि मग कधीच गेली नसतीस. त्यानंतर दुकानात गेलं की तिचा हात आपोआप गडद रंगावर जायचा. पुढे ते कारणही मागे पडलं, सवय तेवढी राहिली. म्हणाली, तू पायपुसणं म्हणालीस तेव्हा सगळं तोंडापर्यंत आलं होतं, पण तुझे दादा बाहेर बसले होते.

पाणी आलं. ती प्यायली. दुकानदार काहीतरी समजून लांब जाऊन घड्या घालत बसला.

मला खूप राग आला. त्या लोकांचा आला आणि हिचाही आला. रडू नाही आलं. मी तिला म्हटलं, तू सांगायला हवं होतंस. गेले असते की नसते, ते मी ठरवलं असतं. ती हो म्हणाली. एवढंच, हो. मग मी म्हटलं, यापुढे डाग दिसला तर मला तिथल्या तिथे सांगायचं. ती म्हणाली, लोकांसमोर कसं सांगू? मी म्हटलं, कानात सांग, पण सांग.

मग तिने साडी उलगडली, काठ तपासला, एके ठिकाणी निघालेला दोरा पकडला आणि त्या माणसाशी कडाकडा भांडून भाव कमी करून घेतला. पिवळीच घेतली. वहिनीच्या मते ती आंब्याच्या रसासारखी आहे, म्हणजे चौथं मत.

येताना एकाच रिक्षात आलो. घरी पोचल्यावर तिने विचारलं, फॉलला कोणता दोरा लावू, आणि मी म्हटलं, साडीसारखाच.

देवेशना आणि सासूबाईंना नमस्कार. लोभ वाढला तर हरकत घेणार नाही.

तुझी,
सुलू

*

कणकवली,
४ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुलू,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना बोट मध्येच थांबवून बसले होते, तर देवेशने विचारलं, काय गं, मुंबईत पाऊस? मी त्याला सांगितलं नाही. ते तुझं आहे.

हो, तो दिवस तू मलाही सांगितला होतास. मला तेव्हा हेवा वाटला होता तुझ्या ऑफिसचा.

त्या लोकांना मी मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या, आणि मग आठवलं, आमच्या शाळेतही एकदा एका मुलीचं असंच झालं तेव्हा शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे खिडकीबाहेर बघत होते. शेवटी हाताने चाचपत मीच तिला आत नेलं. मला दिसत नाही म्हणून मला लाज वाटली नाही, असं नंतर एक बाई म्हणाल्या. काय बोलणार अशांना!

वहिनीवर राग ठेवायचा असेल तर ठेव, पण तिच्या हातचं जेवताना ठेवू नकोस. साखरपुडा कसा झाला ते सगळं कळव. आम्हाला येता येणार नाही, सासूबाईंना एकटं सोडवत नाही. रुचिराला माझ्यातर्फे जवळ घे.

लोभ आहे म्हणून तर एवढं लिहिते.

तुझी,
दीप्ती

*

मुलुंड (पूर्व),
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय दीप्ती,

नमस्कार. साखरपुडा झाला. दादाने जेवणवाल्याशी अखेरपर्यंत भांडण चालू ठेवलं आणि शेवटी त्यालाच मिठी मारली. प्रितमची आजी साताऱ्याकडची आहे, खणखणीत बोलते. मला विचारलं, तू कोण गं, पिवळ्या साडीतली? मी म्हटलं, आत्या. म्हणाली, मग पुढे ये ना, कडेला काय उभी राहतेस. रुचिराला अंगठी घालताना मी तिच्या अगदी शेजारी होते.

तू विचारशील, काय पोचलं तुझ्यापर्यंत? प्रामाणिकपणे सांगते, साडी अंगाला इतर साड्यांसारखीच लागत होती. पण लोक माझ्याशी बोलले. एरवी ते दादाला विचारतात, सुलू कशी आहे, आणि मी शेजारीच उभी असते. या वेळी बऱ्याच जणांनी मलाच विचारलं. ते साडीमुळे, की मी पुढे उभी होते म्हणून, ते मला सांगता येत नाही. दोन्ही असेल. दादाने मात्र कमाल केली. फोटोसाठी मला शोधत सगळा हॉल फिरला आणि माझ्यापुढून दोनदा गेला. त्याला गडद कपड्यांतली सुलू शोधायची सवय.

जेवताना सोलकढी सांडली. वाटी माझ्याच हातून कलंडली. मला ओलं लागलं, पण किती आणि कुठे ते कळेना. वहिनी दोन माणसं पलीकडे बसली होती. उठून आली, वाकून कानात म्हणाली, सुलू, निऱ्यांवर डाग पडलाय, तळहाताएवढा आहे, गुलाबी दिसतोय. एवढं सांगून थांबली. मला उठवलं नाही, पदराने झाकलं नाही. मी विचारलं, वाईट दिसतंय का? म्हणाली, दिसतोय चांगलाच. मी बेसिनवर जाऊन धुतला. थोडा राहिला. तसाच राहू दिला आणि फोटोला उभी राहिले.

घरी आल्यावर दोघी जमिनीवर पाय पसरून बसलो होतो. वहिनी म्हणाली, तू बेसिनवर गेलीस तेव्हा मी तुझ्यामागे यायला उठले आणि पुन्हा बसले. मी तिचा हात धरला. अजून थोडा राग शिल्लक आहे माझ्यात. मधूनच उसळतो. तिलाही ते माहीत आहे. ती उगाच गोड बोलायला येत नाही, तेवढं बरं.

काल दुपारी ती मटार सोलत बसली होती. मी तिला विचारलं, आणखी काय काय आहे जे मला कोणी सांगितलेलं नाही? आधी म्हणाली, काही नाही. मग एक एक निघायला लागलं. म्हणाली, फोनवर बोलताना तू भिंतीकडे तोंड करून उभी राहतेस. हसताना नाक वर करतेस. आणि तुझे केस पिकलेत. मी म्हटलं, किती? ती शेंगा बाजूला ठेवून उठली, माझी हनुवटी धरून मला खिडकीकडे वळवलं आणि बराच वेळ बघत राहिली.

मग म्हणाली, पुढची बट पांढरी झालीय, ती शोभते, ती ठेव. पण कानामागचं वाईट दिसतंय हां, सुलू.

दीप्ती, इतक्या वर्षांत वाईट दिसतंय असं तिने मला पहिल्यांदा आपणहून सांगितलं. मला फार बरं वाटलं.

देवेशना नमस्कार, सासूबाईंना दंडवत. मे महिन्यात लग्न आहे, तेव्हा मात्र कारणं चालणार नाहीत. तोवर माया अशीच राहू दे.

तुझी,
सुलू